उंदराचं हृदय आणि वर्षाला एक फ्रेम

रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावल्यावर ओट्यावरून जो पिटुकला उंदीर सुर्रकन पळतो ना, त्याचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके देतं. म्हणजे सेकंदाला दहा. तुमचं-माझं सत्तर-बहात्तर, आणि रिलीजच्या आदल्या रात्री नव्वद.

आता समजा, या उंदराच्या हृदयात रक्त कसं फिरतं ते तुम्हाला बघायचंय. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. उंदराचा एक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. म्हणजे एका ठोक्याला जेमतेम अडीच चित्रं. झडप उघडली, रक्त आत आलं, कप्पा आवळला, रक्त बाहेर गेलं, हे सगळं अडीच चित्रांत! सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह दोन फोटोंत समजून घेण्यासारखं आहे हे. एकात बॅट वर, दुसऱ्यात बॉल सीमारेषेपार.

मी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो, त्यामुळे फ्रेम रेट हा शब्द दिसला की माझे कान टवकारतात. मागच्या शनिवारी उंदराच्या हृदयाचा अतिवेगवान सोनोग्राफीने घेतलेला एक व्हिडिओ बघण्यात आला, आणि मग शनिवार-रविवार त्यातच गेला. आधी तंत्राबद्दल सांगतो. मग शहापूर-मुरबाडबद्दल. दोन्हींचा संबंध आहे, जरा दम धरा.

सोनोग्राफी म्हणजे ढोबळमानाने डोंगरात हाळी देऊन प्रतिध्वनी ऐकणं. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर असतो. माणसाचं हृदय बघायचं तर लाट पंधरा सेंटिमीटर आत जाऊन परत यायला हवी, म्हणजे तीस सेंटिमीटरचा प्रवास. भागाकार करा, सुमारे २०० मायक्रोसेकंद लागतात. नेहमीचं यंत्र चित्र रेघ-रेघ करून काढतं. एका दिशेला लाट सोडली, परतीचा आवाज ऐकला, मग शेजारची दिशा. शंभर रेघांना २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रं. माणसाच्या एका ठोक्याला चाळीसेक चित्रं मिळाली, डॉक्टर खूश.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही मर्यादा प्रोसेसरची नाही. कितीही महागडी चिप बसवा, आवाज काही जास्त जोरात धावणार नाही. हा आपल्या ओळखीचा 'नेटवर्क लेटन्सी'चा प्रश्न आहे. तिथे काय करतो आपण? एकेक रिक्वेस्ट पाठवून उत्तराची वाट बघत बसणं सोडतो.

उंदराच्या बाबतीत एक सोय आणि एक अडचण आहे. सोय अशी की त्याचं हृदय छातीत अगदी वर असतं, दीडेक सेंटिमीटर आत बघितलं की पुरे. लाट वीस मायक्रोसेकंदांत परत येते. अडचण अशी की हृदय शेंगदाण्याएवढं आणि त्याची भिंत जेमतेम मिलिमीटरभर. इतकं बारीक दिसायला लाटही बारीक लागते. माणसाच्या हृदयाला दोन ते पाच मेगाहर्ट्झ चालतात, उंदराला तीस-चाळीस लागतात. चाळीस मेगाहर्ट्झला लाटेची लांबी मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढी होते. इतक्या बारीक लाटेसाठी लागणारे क्रिस्टलही तितकेच बारीक, आणि ते शेकड्याने ओळीत बसवणं फार काळ जमत नव्हतं. म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत एकच क्रिस्टल मोटरने इकडून तिकडे हलवत. मोटर ती मोटरच, हिशोबाने शक्य असलेला वेग तिला कुठून येणार!

मग लोकांनी एक युक्ती काढली. उंदराचा ईसीजी चालू ठेवायचा, एकेका जागेची रेघ बऱ्याच ठोक्यांमधून गोळा करायची, आणि नंतर ईसीजीच्या हिशोबाने सगळे तुकडे जोडून एका ठोक्याची फिल्म बनवायची. सेकंदाला हजार चित्रांसारखी दिसते ती.

ही युक्ती मला फार आवडली आणि तितकीच खटकली. समजा तुम्हाला कसारा लोकलच्या एका फेरीची फिल्म करायची आहे. सोमवारी आसनगावला एक फोटो काढला, मंगळवारी आटगावला, बुधवारी खर्डीला, आणि जोडून म्हणालात, ही घ्या फेरी. रोजची लोकल सेकंदावर काटेकोर असेल तरच हे खरं. आता मध्य रेल्वेने येणाऱ्यांना मी काय सांगू :) एखादा ठोका चुकला, रक्तातला भोवरा एका ठोक्याला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे झाला, तर ते या जोडकामात पुसलं जातं. आजारी हृदयात नेमकं तेच बघायचं असतं.

खरा मार्ग निघाला तो रेघा सोडून दिल्यावर. काळोख्या खोलीत टॉर्च फिरवत एकेक कोपरा बघण्याऐवजी एकदम ट्यूबलाइट लावायची. प्रोबच्या सगळ्या क्रिस्टलमधून एकाच वेळी एक सपाट लाट सोडायची, आणि परत येणारे सगळे आवाज सगळ्या क्रिस्टलवर नोंदवून घ्यायचे. कोणता आवाज कुठून आला हे नंतर गणिताने सोडवायचं. एका लाटेत एक अख्खं चित्र. पॅरिसमध्ये मथियास फिंक, मिकाएल टाँटेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र नावारूपाला आणलं. त्यांना उंदीर बघायचे नव्हते. शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला काही मीटर वेगाने पसरणारी कंपनं पकडायची होती, कारण त्यांच्या वेगावरून गाठ कडक की मऊ हे कळतं. त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रं हवी होती.

एका लाटेचं चित्र धूसर येतं, ही त्याची किंमत. त्यावर २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला उपाय असा, की लाट थोड्या थोड्या वेगळ्या कोनांतून सोडायची आणि चित्रं एकमेकांवर रचायची. उंदराच्या बाबतीत दहा कोन घेतले तरी २०० मायक्रोसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला पाच हजार चित्रं. एका ठोक्याला पाचशे! आणि सगळी एकाच ठोक्याची, जोडकाम नाही.

बोजा कुठे गेला? आपल्याकडे. परतीचा प्रत्येक आवाज १२८ वाहिन्यांवर नोंदवायचा. नुसत्या दहा हजार लाटांचा मी कागदावर हिशोब केला तर सेकंदाला तीनेक गिगाबाइट आले. पूर्वी जे काम यंत्रातल्या खास इलेक्ट्रॉनिक्सने केलं, ते आता व्हिडिओ गेम खेळायच्या ग्राफिक्स कार्डावर होतं. रक्त वेगळं काढायचं कामही असंच. हृदयाची भिंत मोठी, जोरकस आणि सगळी एकत्र हलणारी. रक्ताचा आवाज क्षीण आणि विस्कळीत. शेकडो चित्रं एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये भरून तिचे घटक वेगळे केले, की पहिले काही घटक भिंतीचे निघतात. ते फेकून द्या, उरलं ते बरंचसं रक्त. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी हेच गणित इंजिनीयरिंगला परीक्षेपुरतं पाठ करून विसरून टाकलं होतं. (मीही.)

डॉप्लरवर मग भागत नाही का? भागतं, पण अर्धवट. त्यात रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय एवढंच कळतं, आडवं वाहणारं दिसत नाही. शिवाय वेगाची कमाल मर्यादा असते. गाडीचं चाक सिनेमात उलटं फिरताना दिसतं, तोच घोटाळा. चाळीस मेगाहर्ट्झला, सेकंदाला चाळीस हजार वेळा लाट सोडली, तर सेकंदाला ३८ सेंटिमीटरच्या पुढचा वेग उलट्या दिशेचा दिसायला लागतो. उंदराच्या महाधमनीत रक्त सेकंदाला मीटरभर वेगाने धावतं. (गंमत म्हणजे आपल्याही महाधमनीत साधारण तेवढंच.) म्हणून वेग मोजायला मुद्दाम कमी फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. अतिवेगवान चित्रांत मात्र रक्तातले बारीक ठिपके एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेमला कुठे सरकले ते थेट शोधता येतं. व्हिडिओ कॉम्प्रेस करताना आम्ही तेच करतो. आणि मग दिसतं काय, तर रक्त नळातल्या पाण्यासारखं सरळ जात नाही. डाव्या कप्प्यात शिरताना त्याचा भोवरा होतो. झडप खराब झाली की हा भोवरा बिघडतो.

हे सगळं कशासाठी? उंदराचे जीन्स हवे तसे बदलता येतात, आणि त्याचं सबंध आयुष्य दोनेक वर्षांत बघून होतं. पूर्वी आजार कसा वाढतो हे बघायला दर टप्प्यावर काही उंदीर मारून हृदय उघडावं लागे. आता तोच उंदीर दर आठवड्याला बघता येतो, म्हणजे कमी प्राणी मरतात. अर्थात गुंगी द्यावी लागते, आणि गुंगीने ठोके सहाशेवरून चारशे-साडेचारशेवर येतात. आपण बघतो ते झोपलेल्या उंदराचं हृदय, हे विसरून चालत नाही.

या तंत्राची ताकद किती, त्याचं एक उदाहरण. २०१५ साली 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सेसिलिया लो यांच्या गटाचा एक अभ्यास आला. जन्मजात हृदयदोषांमागचे जीन्स शोधायला त्यांनी उंदराच्या पोटातल्या पिल्लांची सोनोग्राफी केली. किती पिल्लांची? ८७,३५५. त्यातून ६१ जीन्समधले दोष सापडले, आणि पेशींवरच्या केसासारख्या बारीक तंतूंचा हृदयाच्या घडणीशी किती संबंध आहे ते पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे कळलं. मोठं काम आहे, मला त्याबद्दल आदरच आहे.

पण तो आकडा वाचून मी थांबलो. जन्मालाही न आलेल्या सत्याऐंशी हजार उंदरांचा इको झाला. माझ्या मावशीचा पहिला इको झाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

मावशी मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडची. दहा-अकरा वर्षांची असताना तिला ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "अरे, तेव्हा वात म्हणायचे त्याला. सुंठ-गूळ दिला, तेल लावून पाय चेपले, पंधरा दिवसांत मी पुन्हा लावणीला गेले." झालं. मग लग्न. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात तिला दोन पायऱ्या चढवेनात, आडवं झोपवेना. बाळंतपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि तिची डावीकडची झडप तोपर्यंत आखडून बारीक फट उरली होती. पुढे मुंबईला फुगा घालून झडप उघडली. ती वाचली, आणि आज मला फोनवर रागावते. सगळ्याच वाचत नाहीत.

तो वात नव्हता. घशाला होणारा स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येणारा ऱ्हुमॅटिक फीवर, आणि तो पुन्हा पुन्हा आला की झडपांवर राहणारा डाग. सांधे चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. दाटीवाटीने राहणाऱ्या, गरीब घरांतल्या पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा हा आजार. आणि हा जंतू मुळात माणसातच राहतो, उंदरात मावशीचा आजार जसाच्या तसा होत नाही. उंदरावर जे उमटतं ते आपण सेकंदाला पाच हजार चित्रांनी बघतो. जे फक्त माणसात उमटतं, ते बघायला टोकावड्यालाच जावं लागतं.

जातं का कोणी? जातं, हे आधी सांगायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना आहे, आणि तिची देशातली सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. ६ फेब्रुवारी २०१३, पालघर. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जातं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. तपासायच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकारही आहे. दोष सापडला तर पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत. या योजनेमुळे हृदयाला भोक असलेली कितीतरी मुलं वेळेत शस्त्रक्रियेपर्यंत पोचली. तेव्हा सरकारला शिव्या घालायचा हा लेख नव्हे.

पण फ्रेम रेटचं वेड लागलेल्या माणसाला काय दिसतं? शाळेतल्या मुलाची वर्षाला एक फ्रेम. घसा दुखून, सांधे सुजून, उतरून, सगळं दोन महिन्यांत संपतं. वर्षाला एक चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात ते सापडण्याची शक्यता किती? माझा पहिला निष्कर्ष तयार झाला: फ्रेम रेट वाढवा, पथकं दर महिन्याला पाठवा!

रविवारी दुपारी लक्षात आलं की हे चूक आहे. कोणत्या वेगाने बघायचं, हे बघायची गोष्ट किती वेगाने बदलते त्यावर ठरतं. नायक्विस्टबाबांनी एवढंच सांगितलंय. ताप वेगाने येतो-जातो. तो पथकाने पकडायचा नसतोच. घसा दुखणाऱ्या मुलाला दोन दिवसांत बघणं आणि 'वात' हा शब्द ऐकून सावध होणं, हे आशाताई, शाळेतले गुरुजी आणि उपकेंद्राचं काम. झडपेवरचा डाग मात्र वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. त्याला वर्षाला एक फ्रेम अगदी पुरेशी आहे. प्रश्न त्या एका फ्रेममध्ये काय दिसतं हा आहे.

आणि त्या फ्रेममध्ये आज मुख्यतः स्टेथोस्कोप आहे. स्टेथोस्कोपने झडपेतून रक्त उलटं गळताना होणारा आवाज ऐकू येतो, पण गळती थोडी असेल तर येत नाही. त्यात पावसाळ्यात पत्र्याची शाळा आणि शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. कंबोडियात ३,६७७ शाळकरी मुलं तपासली. डॉक्टरांच्या तपासणीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार सापडला आठ जणांत. इकोने सापडला ७९ जणांत. मोझांबिकमध्ये २,१७० मुलांत पाच, आणि इकोने ६६. दहा पटींहून जास्त!

बरं, सापडून उपयोग काय? बरीच वर्षं याचं ठाम उत्तर नव्हतं. ते आलं युगांडातून, त्याच नियतकालिकात, २०२२ साली छापून. लक्षणं नसलेली पण इकोत झडपेवर डाग दिसलेली ५ ते १७ वर्षांची आठशेच्या वर मुलं. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी, इंजेक्शन न घेतलेल्या ४०० पैकी ३३ जणांचा आजार वाढला होता. घेतलेल्या ३९९ पैकी तिघांचा. पेनिसिलिन हे दुसऱ्या महायुद्धापासूनचं स्वस्तातलं औषध आहे. मावशी अकरा वर्षांची होती तेव्हाही ते होतं. नव्हतं ते आत बघणारं यंत्र.

"पण सोनोग्राफीचं यंत्र गावात नेता येत नाही, कायदा आहे," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कायदा आहे, आणि त्याला कारण आहे. पोटातली मुलगी ओळखून मारायला हेच यंत्र वापरलं गेलं. १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. २०१२ साली हातात नेता येणाऱ्या यंत्रांबद्दल नियम झाला. अशी यंत्रं दोनच परिस्थितींत वापरता येतात: नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. ती दुसरी ओळ पुन्हा वाचा. मी वकील नाही, पण मला तिथे भिंत दिसत नाही, दार दिसतं. नोंदणी केलेली गाडी, तिच्यात नोंदणी केलेलं यंत्र, शाळेच्या आवारात उभी, आणि पाचवी ते दहावीची मुलं ओळीने त्या गाडीत येतात. कायदा एक अक्षरही सैल न करता.

यावर सॉफ्टवेअरवाल्याचा ठरलेला उपाय म्हणजे यंत्राला कुलूप घाला, फक्त हृदयच दिसेल असं करा. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो म्हणून सांगतो, त्या कुलपावर एकट्याने विसंबू नका. हृदयाचा प्रोब पोटावरही चालतो, आणि कुलूप कोणीतरी तोडतंच. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे रेकॉर्डिंगचं उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला होता, त्यावरही भरपूर वाद झाले. प्रत्येक तपासणीची नोंद, यंत्र कुठे होतं त्याची नोंद, आणि दिवसअखेर यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात जमा, असा कंटाळवाणा बंदोबस्तच जास्त टिकतो.

अजून दोन आक्षेप खरे आहेत. एक, इकोत पुष्कळ मुलं 'सीमारेषेवर' दिसतील, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काहीच होणार नाही, आणि आईबापांच्या जिवाला उगाच घोर लागेल. म्हणून गाडीतल्या इकोवर निदान करायचं नाही. शंका आली की मोठ्या यंत्रावर, हृदयतज्ज्ञाकडून पुन्हा तपासायचं. पहिली चाळणी कशी लावावी याचे निकष जागतिक हृदय महासंघाने २०२३ साली दिलेले आहेत, छोट्या यंत्रांसाठीसुद्धा. दुसरा आक्षेप, हृदयतज्ज्ञ आणणार कुठून? पहिल्या चाळणीला ते लागत नाहीत. काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या नर्स हे करू शकतात, हे युगांडात आणि फिजीत करून बघितलंय. आपल्या नर्सताई त्यांच्यापेक्षा कमी नाहीत. अवघड आहे ते पुढचं: दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, वर्षानुवर्षं, आश्रमशाळेतली मुलं सुट्टीत घरी गेल्यावर, घरचे वीटभट्टीवर गेल्यावरसुद्धा. हे कोणतंही अॅप करणार नाही. त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळेवर पगार लागतो.

मग उंदराचं काय? हातात मावणारी, एक-दोन मोटारसायकलींच्या किमतीची इको यंत्रं आज मिळतात, ती अवजड इलेक्ट्रॉनिक्स जाऊन बरंचसं काम चिपवर आणि सॉफ्टवेअरवर आलं म्हणून. अतिवेगवान यंत्रंही त्याच वाटेने आली. प्रयोगशाळेतलं ज्ञान गावाला परकं नाही, ते गावापर्यंत वाहत येत नाही इतकंच. शहापूरकरांना हे मी काय सांगणार! तानसा १८९२ पासून इथून मुंबईला पाणी देतंय, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी आज भातसाचं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. पाणी आहे, धरण आहे, नळ दुसरीकडे वळलाय.

म्हणून माझं मागणं लहान आहे. ठाणे जिल्ह्यातल्या बाल स्वास्थ्य पथकांपैकी दोन, एक शहापूरचं आणि एक मुरबाडचं. दोघांना एकेक नोंदणीकृत इको यंत्र आणि एकेक शिकवलेली नर्स. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, म्हसा इथल्या शाळा आणि आश्रमशाळांपासून सुरुवात, पाचवी ते दहावी, वर्षातून एकदा. आकडे जाहीर करा. फारच कमी मुलं सापडली तर बंद करा, मी जाहीर माफी मागेन. सापडली तर पेनिसिलिन स्वस्त आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्यांकडे सामाजिक कामाचा निधी असतो आणि तो दरवर्षी दप्तरं वाटण्यात जातो. दप्तरं चांगलीच, पण पुढच्या वर्षी त्या बैठकीत हात वर करून ही गोष्ट विचारा. यंत्राची किंमत, वर्षाचा खर्च, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, एका पानाचा प्रस्ताव. ते पान मी या महिन्यात लिहायला घेतोय. शाळा, आरोग्य खातं किंवा इको यातलं काही कळणारं कोणी असेल तर चुका दाखवा, मला हव्या आहेत.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. उंदराच्या हृदयाची सोनोग्राफी करतात म्हटल्यावर ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "करू देत की. पण आमच्या शाळेत कधी येणार ते विचार."

तेच विचारतोय.